घरी बनवलेल्या सुरीच्या पात्याचं टेंपरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पातं लालबुंद करून तेलात बुडवलं, वरून कानस फिरवली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली, की हायसं वाटतं. पण त्या क्षणी हातात असलेलं पातं सुरी म्हणून निरुपयोगी असतं. ते फरशीवर पडलं तर दोन तुकडे होऊ शकतात. पुढचे चार-पाच तास त्याच्याशी काय वागता यावर त्याचं आयुष्य ठरतं आणि नेमक्या याच टप्प्यावर बरेच जण अंदाजाने काम उरकतात. म्हणून ही प्रश्नोत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे ती साध्या कार्बन पोलादासाठी आणि कमी मिश्रधातूंच्या पोलादासाठी आहेत.

टेंपरिंग म्हणजे नेमकं काय? पाणी देणं आणि टेंपरिंग एकच का?

एकच नाही. पोलाद ८०० अंशांच्या आसपास तापलं की त्यातला कार्बन लोखंडात विरघळतो. मग ते झटकन थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो अणूंच्या जाळीत अडकून राहतो आणि जाळी ताणली जाते. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. जर्मन धातुतज्ज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून हे नाव पडलं. ती अतिशय कडक असते आणि तितकीच ठिसूळ. हत्याराला पाणी देणं म्हणतात ते इथपर्यंतचं काम, बुडवायला पाण्याऐवजी तेल वापरलं तरी.

टेंपरिंगमध्ये हेच पातं १५० ते २५० अंशांच्या दरम्यान काही तास ठेवायचं. अडकलेल्या कार्बनपैकी थोडा सुटतो, त्याचे डोळ्यांना न दिसणारे कार्बाइडचे (लोखंड आणि कार्बनच्या संयुगाचे) कण तयार होतात आणि जाळीतला ताण सैल पडतो. कडकपणा थोडा जातो, चिवटपणा बराच येतो. चढवलेलं पाणी मोजूनमापून थोडं उतरवायचं, असं म्हटलं तरी चालेल. यातला ‘मोजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

मग नेमकं किती तापमान ठेवायचं?

पोलाद कोणतं आणि सुरी कशासाठी, या दोन गोष्टी कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. तरी सुरुवात करायला २०० अंश हा आकडा बहुतेक साध्या पोलादांना चालतो.

खालची १०८४, ओ१ वगैरे नावं पोलादाच्या प्रकारांची आहेत आणि कडकपणाचे आकडे रॉकवेल सी या मापावरचे, आकडा मोठा तितकं पोलाद कडक. १०८४ हे पोलाद नीट कडक झालेलं असेल तर २०० अंशांवर दोन तासांच्या दोन फेऱ्यांनंतर त्याचा कडकपणा साधारण ६० ते ६१ येतो. १०९५ चंही जवळपास तसंच. ५२१०० आणि ओ१ ही पोलादं १७५ अंशांवर ६२ च्या आसपास राहतात, २०५ वर ६० ते ६१ पर्यंत उतरतात. ५१६० मध्ये कार्बन कमी, सुमारे ०.६ टक्के, त्यामुळे ते मुळातच थोडं खालून सुरू होतं. १९० ते २०० अंशांवर ते ५८–५९ देतं. भट्टी, तेल आणि पात्याची जाडी यांनुसार यात एखाद-दुसऱ्या अंकाचा फरक पडतोच.

आता कामाचं बोलू. स्वयंपाकघरातली पातळ सुरी ६० ते ६१ ला छान चालते, कारण तिला घाव बसत नाहीत, ती फक्त सरकते. रानात वापरायच्या जाड सुरीला ५८–५९ बरं. घाव घालायच्या कोयत्यासारख्या पात्याला २३० ते २५० अंशांपर्यंत नेऊन ५६–५७ वर आणावं. शंका असेल तेव्हा कमी तापमानापासून सुरुवात करा. पातं जास्त कडक राहिलं तर ते पुन्हा ओव्हनमध्ये ठेवून १० अंश वर नेता येतं. जास्त नरम झालेलं मात्र टेंपरिंगने परत कडक होत नाही.

आणखी एक सीमा लक्षात ठेवा. २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात बहुतेक साध्या पोलादांचा कडकपणाही जातो आणि वर चिवटपणाही कमी होतो, कारण त्या तापमानाला कार्बाइड नको त्या जागी पातळ पापुद्र्यांसारखे जमतात. धारेसाठी या पट्ट्यात जायचं काहीच कारण नाही.

ओव्हनची खूण २०० वर ठेवली, तेवढं पुरेसं नाही का?

नाही. या सगळ्या कामात मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर हीच सांगितली असती. बटण काय म्हणतं ते पात्याला माहीत नसतं. घरगुती ओव्हनची कांडी पेटते, विझते, पुन्हा पेटते आणि आतली हवा खाली-वर झुलत राहते. मी पहिल्यांदा थर्माकपल (तापमान मोजणारी तार) लावून बघितलं तेव्हा खूण २०० वर होती आणि आकडा १८५ पासून २२५ पर्यंत जाऊन परत येत होता. पात्याची पाठ जाड असते, ती हे झोके पचवते. धार पातळ. ती प्रत्येक झोक्याबरोबर तापते. म्हणजे जिथे अचूकपणा सगळ्यात जास्त हवा, नेमकी तीच जागा आधी बिघडते.

उपाय सोपा आहे. जाड पत्र्याच्या ट्रेमध्ये कोरडी वाळू दोन-तीन बोटं भरा, ती ओव्हनमध्ये ठेवून निदान तासभर तापू द्या आणि मग पातं वाळूत पूर्ण पुरा. वाळू हळू तापते, हळू निवते, त्यामुळे आतले झोके जवळजवळ नाहीसे होतात. के प्रकारचं थर्माकपल वाळूत, पात्याला अगदी खेटून ठेवा आणि त्याचाच आकडा खरा माना. वाळू ओली नको. वाळू नसेल तर दोन जाड लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये पातं ठेवलं तरी बराच फरक पडतो. निदान कांडीची थेट धग धारेवर पडणार नाही एवढी आड तरी कराच.

आणखी एक सावधगिरी. बाहेरचे तक्ते वाचताना आकडा फॅरेनहाइटमध्ये आहे की सेल्सिअसमध्ये, ते दोनदा बघा. ४०० फॅरेनहाइट म्हणजे २०४ सेल्सिअस. तेच पातं ४०० सेल्सिअसला गेलं तर कडकपणा पन्नाशीच्या खाली येतो आणि धार पहिल्याच दिवशी मुडपते.

रंगावरून तापमान ओळखता येतं ना? जुने कारागीर तसंच करायचे.

येतं, पण एका अटीवर. चकचकीत घासलेल्या पोलादावर तापताना ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तो जसजसा जाड होतो तसतसा रंग बदलत जातो. साधारण २०५ ला फिकट पिवळा, २२५ ला वाळलेल्या गवताचा पिवळा, २४० ला गडद पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा.

अट अशी की हा तक्ता काही मिनिटांच्या तापवण्यासाठी आहे. थर वेळेबरोबरही वाढतो. २०० अंशांवर चार तास ठेवलेलं पातं बऱ्यापैकी गडद पिवळं किंवा तपकिरीकडे झुकलेलं निघू शकतं आणि बघणाऱ्याला वाटतं, अरे, २५० ला गेलं! गेलेलं नसतं. पृष्ठभागावर बोटांचं तेल असेल तरी रंग फसवतो. स्टेनलेसमध्ये तर क्रोमियममुळे थर धरायलाच उशीर होतो, तेच रंग कितीतरी वरच्या तापमानाला दिसतात.

जुने कारागीर रंगावर अचूक काम करत, यात शंका नाही. पण ते तेच पोलाद, तीच भट्टी आणि तीच काही मिनिटं रोज वापरत होते. त्यांच्या डोळ्यांत वर्षांचा सराव होता. आपण महिन्यातून एक पातं करणार असू तर थर्माकपल हाच आपला आधार. रंग फक्त साक्षीला घ्यावा.

किती वेळ ठेवायचं? आणि दोनदा कशासाठी?

प्रत्येक फेरी दोन तास, अशा दोन फेऱ्या. पातं ठरलेल्या तापमानाला पोचल्यापासून दोन तास मोजायचे. ओव्हन चालू केल्यापासून मोजू नका. मधे ते हाताला गार लागेपर्यंत निवू द्यायचं.

वेळ आणि तापमान यांचं एकमेकांशी नातं आहे, पण ते समान नाही. तापमानाचा जोर फार मोठा, वेळेचा फार थोडा. वेळ दहापट केला तर जवळपास २० अंश वाढवल्याइतकाच परिणाम होतो. त्यामुळे दोन तासांऐवजी अडीच तास झाले म्हणून घाबरू नका. उलट, दोन तासांचं काम पंधरा मिनिटांत उरकायचं असेल तर सुमारे २२० अंश लागतील आणि तेवढ्या थोड्या वेळात पात्याचं तापमान सगळीकडे सारखं झालं की नाही याची खात्री देता येत नाही. दोन तास ठेवण्याचं खरं कारण हे.

दुसरी फेरी अशासाठी की पाणी देताना सगळं पोलाद मार्टेन्साइट होत नाही, थोडं ऑस्टेनाइट, म्हणजे तापलेल्या पोलादाची आधीची रचना, मागे उरतं. पहिल्या फेरीत आणि ती निवताना त्यातलं काही बदलून ताजं, ठिसूळ मार्टेन्साइट बनू शकतं. त्याचं टेंपरिंग दुसऱ्या फेरीत होतं. साध्या १०८४ मध्ये २०० अंशांवर हा परिणाम लहान असतो, मिश्रधातू जास्त असलेल्या पोलादांत मोठा. मी तरी कधी दुसरी फेरी टाळत नाही. पहिल्या फेरीत ओव्हनने काही गडबड केली असेल तर तीही भरून निघते.

तेलातून काढल्यावर टेंपरिंग लगेच करायचं की दुसऱ्या दिवशी चालेल?

लगेच. पातं हातात धरवेल इतकं, म्हणजे ५०–६० अंशांवर आलं की पुसून थेट ओव्हनमध्ये. तास उलटू देऊ नका.

मी एकदा उशीर झाला म्हणून एक लांब पातं रात्रभर टेबलावर ठेवलं होतं. पाणी उत्तम बसलं होतं, पातं सरळ होतं. झोपायला जाताना खोलीतून बारीकसा ‘टिंग’ असा आवाज आला, तिकडे लक्ष दिलं नाही. सकाळी बघितलं तर धारेपासून पाठीच्या दिशेने केसासारखी रेघ गेलेली. घासून बघितली, ओरखडा नव्हता, आरपार तडा होता. आत कोंडलेला ताण वाट बघत बसत नाही. त्या दिवसापासून ओव्हन आधी तापवून ठेवल्याशिवाय मी भट्टी पेटवत नाही.

टेंपरिंगनंतर कानस चावायला लागली. बिघडलं का?

बहुधा नाही. कानस स्वतः ६२ ते ६५ च्या घरात असते. पाणी दिल्यावर पातंही तिच्या बरोबरीचं असतं, म्हणून ती घसरते. ६० वर आलेल्या पात्यावर ती नाखुशीने, पण थोडी लागते. लोण्यासारखी रुतायला लागली तर मात्र काळजी करा.

खरा प्रश्न वेगळा असतो. टेंपरिंगच्या *आधीच* कानस लागत असेल तर? तर वरचा थर घासून खाली बघा. भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो आणि एक पातळ नरम साल तयार होते. त्याखाली कानस घसरली तर सगळं ठीक आहे. खालीही चावत असेल तर पाणी बसलेलंच नाही. अशा पात्याला टेंपरिंगने काहीही मिळणार नाही, पुन्हा पाणीच द्यावं लागेल. जे चढलंच नाही ते उतरवणार कुठून? या नरम सालीसाठी पाणी देण्याआधी धारेची जाडी निदान एक मिलिमीटर ठेवावी आणि नंतर घासून काढावी.

घरी कडकपणा मोजायचं यंत्र नाही. बरोबर जमलंय हे कसं कळणार?

पितळी सळईची परीक्षा करा. साधारण ६ मिलिमीटर जाडीची पितळी सळई शेगड्यात (व्हाइसमध्ये) आडवी पकडा. धार लावलेलं पातं तिच्यावर धार लावायच्याच कोनात टेकवा आणि दाबून सरकवा, इतकं की उजेडाकडे बघितलं तर धारेची कड सळईवर किंचित फुगलेली दिसेल. ती फुगी पात्याबरोबर पुढे सरकते. दाब काढल्यावर काय उरलं ते बघा. कड परत सरळ झाली तर टेंपर योग्य. तुकडा निघून बारीक दाता पडला तर जास्त कडक, १० अंश वाढवून आणखी एक फेरी द्या. कड वाकून तशीच राहिली तर नरम.

त्यानंतर सुरी खरोखर वापरा. सुकं लाकूड तासा, दोरखंड कापा. आठवडाभराचा वापर कोणत्याही परीक्षेपेक्षा जास्त सांगतो.

ओव्हन नाही. दुसरं काय वापरता येईल?

छोटा टोस्टर ओव्हन वाळूच्या ट्रेसकट चालतो. एअर फ्रायर बऱ्याचदा २०० पर्यंतच जातो आणि लांब पातं त्यात मावत नाही. जाड तव्यावर वाळू, वर झाकण आणि मंद आच, हेही करता येतं, पण दोन तास थर्माकपलकडे बघत बसायची तयारी हवी. प्रेशर कुकर उपयोगाचा नाही. तो १२० अंशांपुढे जात नाही.

तेल गरम करून त्यात पातं ठेवण्याची पद्धत आहे, उष्णता त्यात छान सारखी लागते. पण २०० अंशांवरचं तेल दोन तास घरात ठेवायला मी कुणालाही सांगणार नाही. धूर, उकळतं तेल सांडणं, पेट घेणं, सगळ्याच शक्यता खऱ्या आहेत.

पाठ निळी आणि धार पिवळी, असं करता येतं का?

येतं आणि लांब पात्याला ते उपयोगी पडतं. आधी संपूर्ण पात्याच्या दोन फेऱ्या नेहमीप्रमाणे करून घ्या. मग पातं आरशासारखं घासा, धार खाली करून पाण्याच्या उथळ थाळीत सेंटीमीटरभर बुडवा आणि टॉर्चची ज्योत पाठीवरून सारखी पुढे-मागे फिरवा.

हे बघण्यासारखं असतं. पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग पाठीच्या कडेला फिकट पिवळी झाक उमटते, ती खाली सरकते, तिच्या मागून तपकिरी येतो, मग जांभळा आणि शेवटी पाठीवर मोरपंखी निळा. पिवळी रेघ पाण्याच्या दिशेने येताना दिसली की ज्योत बाजूला घ्या, कारण आतली उष्णता ज्योत काढल्यावरही काही क्षण खाली चालतच राहते. टोकाकडे आणखी जपा. तिथे धातू कमी असतो, रंग एकदम पळतात. टोक निळं झालं की त्याचं पाणी गेलंच.

पाणी देताना पातं वाकलं. टेंपरिंगमध्ये सरळ होईल?

बऱ्याचदा होतं. जाड, सपाट लोखंडी पट्टीवर पातं क्लॅम्पने आवळा, वाकलेल्या जागी खाली नाणं किंवा पत्र्याचा तुकडा ठेवून वाकाच्या उलट दिशेला ताण द्या. बाक जेवढा आहे त्याच्या तीन-चारपट. ही सगळी जोडणी पहिल्या फेरीनंतर करा आणि दुसऱ्या फेरीला तशीच ओव्हनमध्ये ठेवा. पूर्ण निवल्याशिवाय क्लॅम्प सोडू नका. टेंपरिंग न झालेलं गार पातं हातोडीने सरळ करायला गेलात तर तुटेल.

ग्राइंडरवर धार लावताना कडेला निळा डाग पडला. आता?

तिथे क्षणभर का होईना, ३०० अंश गाठले गेले. त्या जागेचं पाणी उतरलं. डाग पुसून टाकला तरी खालचं पोलाद नरमच राहतं. रंग दिसेनासा झाला म्हणजे दोष गेला असं होत नाही. डाग अगदी कडेला, मिलिमीटरभर असेल तर दगडावर सावकाश घासून तेवढी कड मागे न्या. मोठा असेल तर पुन्हा पाणी देणं आलं. टेंपरिंगनंतर घासताना हातमोजे घालू नका, पातं बोटांना गरम लागलं की लगेच पाण्यात बुडवा. ग्राइंडरचा नवा, तीक्ष्ण घासपट्टा कमी तापवतो. झिजलेला पट्टा वाचवायच्या नादात पातं घालवू नका.

जुन्या कानशीपासून सुरी करतोय. तिला पुन्हा पाणी द्यावं लागेल का?

चांगली कानस आधीच कडक केलेली असते. गार ठेवत घासून आकार दिला तर पाणी द्यायची गरज नाही, नुसतं टेंपरिंग पुरतं. २०० ते २२० अंशांवर दोन तास, दोनदा. मात्र स्वस्त कानशी कधीकधी मऊ लोखंडाच्या, वरून फक्त कडक साल असलेल्या असतात. टोकाचा लहान तुकडा शेगड्यात धरून, डोळ्यांवर चष्मा लावून आणि वर फडकं टाकून मोडून बघा. आरपार बारीक राखाडी कण दिसले तर कामाची.

कमानपाटा (गाडीच्या स्प्रिंगची पट्टी) किंवा इतर अनोळखी पोलाद असेल तर आधी एका तुकड्यावर पाणी आणि टेंपरिंग दोन्ही करून बघा, मगच पात्याला हात लावा. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही तापवू नका. त्याची वाफ विषारी असते.

स्टेनलेस किंवा डी२ घरी जमेल?

पाणी देण्यापाशीच अडेल. ४४०सी या स्टेनलेसला १०४० अंशांच्या आसपास आणि डी२ या जास्त मिश्रधातूंच्या पोलादाला हजाराच्या वर, नियंत्रित भट्टीत ठराविक वेळ ठेवावं लागतं. ते बाहेरून करून आणलं तर टेंपरिंग घरी करता येईल. दोन्ही २०० च्या आसपास चालतात. डी२ ला ५०० च्या वरचं टेंपरिंगही देतात, कारण तिथे त्याचा कडकपणा पुन्हा थोडा वर येतो. ४४०सी मात्र इतकं वर नेऊ नये, गंजरोधकपणा आणि चिवटपणा दोन्ही घटतात.

ओव्हनमधून काढल्यावर पाण्यात बुडवलं तर चालेल का?

या पोलादांना या तापमानावर काही फरक पडत नाही. हवेत निवू द्या किंवा पाण्यात घाला.

ओव्हनमध्ये धूर का होतो?

पात्यावर तेल राहिलं म्हणून. साबणाने धुऊन, कोरडं करून ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि त्याच वेळी त्या ओव्हनमध्ये खायचं काही ठेवू नका.

मूठ टेंपरिंगच्या आधी बसवायची की नंतर?

नंतरच. लाकूड जळेल आणि मूठ चिकटवायचं इपॉक्सी २०० च्या बरंच आधी सोडून देतं. मूठ बसवल्यावर पातं पुन्हा टेंपर करायची वेळ आली तर मूठ काढावीच लागते, म्हणून पितळी सळईची परीक्षा मुठीच्या आधी उरकून घ्या.